यांचा हात मोडला तेव्हा मी माथेरान चढले

आधीच सांगते, माझे अक्षर चांगले नाही. चौथीपर्यंत शिकले, त्यानंतर लिहायचे काम फारसे पडले नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल तर सुमन, तू समजून घे. आपट्याहून आलीस की दर वेळी विचारतेस, "ताई, माथेरानला काय काय पाहिलेस?" आणि मी "चांगले आहे" म्हणून चुलीकडे उठून जाते. चार माणसांत मला बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. तुझ्यापुढेही नीट येत नाही. म्हणून लिहून ठेवते आहे. वाच आणि परत दे, कोणाला दाखवू नकोस.

माथेरानचा डोंगर आमच्या परसातून दिसतो. धुणे वाळत घालताना समोर तोच, प्रबळगडाच्या मागे लांबट पसरलेला, वरून विळीने कापल्यासारखा सपाट. लग्न झाल्यापासून मी तो पाहत होते, पण तिथे जावे असे कधी मनात आले नाही. ती शेटलोकांची जागा. आपल्याकडचे जातात ते डोक्यावर टोपली घेऊन, आणि टोपली रिकामी झाली की उतरतात.

यांचे काम काय आहे हे तुला कोणी धड सांगितलेले नाही, म्हणून तेही लिहिते. हे मूळचे लग्नाच्या बँडमधले. गळ्यात साइड ड्रम अडकवून पनवेलात वरातीपुढे चालायचे. पुढे मुंबईला गोदीत लागले आणि तिथे यांना फ्रान्सिस मास्तर भेटले. मास्तर गोव्याचे. ते सॅक्सोफोन वाजवतात, पितळेचा, खाली चिलमीसारखा वाकलेला. त्यांनी यांना धोबीतलावच्या एका खोलीत बसून वाजवायला शिकवले. एक मोठा ढोल जमिनीवर आडवा, तो पायाने वाजवायचा. दोन लहान ढोल, वर टांगलेल्या पितळी थाळ्या. दोन हात दोन गोष्टी करतात आणि दोन पाय आणखी दोन. या वाजवण्याला जाझ म्हणतात. मुंबईच्या हॉटेलांत साहेब आणि पारशी लोक त्यावर नाचतात. दारूबंदी आल्यापासून बरीच हॉटेले बँड ठेवीनाशी झाली. मग मास्तर उन्हाळ्यात आपली माणसे घेऊन डोंगरावर जाऊ लागले.

हे सुट्टीला घरी आले की पहाटे परसात माझ्याबरोबर भात कांडायचे. एका उखळात दोन मुसळे, एक वर जाताना दुसरे खाली. सासूबाई म्हणायच्या, "बायकांचा काम करतंस, कुनी बगीतला तं बँडवाले हसतील तुला." हे म्हणायचे, "आई, बँडवाल्यांना हेच जमत नाही." मला वाटायचे, माझी थट्टा करतात.

ज्या वर्षी नवे पैसे निघाले त्या उन्हाळ्यात हे माथेरानच्या एका हॉटेलात गेले. मॅनेजरकडून दीडशे रुपये उचल आधीच घेतली होती, त्यात आमच्या घरावर नवी कौले चढली. पहिले पत्र आले, दुसरे आले, मग येईनासे झाले. कोळीवाड्यात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, तिथल्या बाईबरोबर नाचतो. कोणी म्हणाले, बाटला, सगळे गोयंकारच आहेत ना भोवती. मी विहिरीवर उशिरा जाऊ लागले, गर्दी सरल्यावर.

मग माथेरानच्या पायथ्याच्या धोदाणी गावातली ठमी आमच्या ओट्यावर आली. ही ठाकरीण आमच्याकडून सुकट नेते आणि करवंदे देते. तिच्या कोंबड्या माथेरानच्या हॉटेलांत जातात. ती म्हणाली, "बाय, तुजा घोव आता ढोल वाजवीत नाय. खाली मान घालून मागल्या दारी बसतो. गल्यात कायतरी पांढरा बांधलाय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि मी त्यांच्याकडे. दोघींच्या मनात एकच आले, गळ्यात दोरी आणि दोरीत क्रूस.

"मी जाते," मी म्हणाले. शब्द तोंडातून गेल्यावर मला घाम फुटला.

"तुला वाट तरी ठाव हाय का गो?" सासूबाई म्हणाल्या. "तू दुकानात काडेपेटी मागताना लाजतंस."

पण त्यांनी अडवले नाही. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. अंडी विकून मी जमवलेले बारा रुपये फडक्यात बांधून कमरेला खोचले.

धोदाणी

नेऱ्यापर्यंत बैलगाडी मिळाली, पुढे ठमीबरोबर चालत. वाजे गाव मागे पडल्यावर डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ आले. आपल्याकडे खाडीवर उभे राहिले की चहूकडे उघडे असते, मिठागरात तर आपली सावली सोडून आडोसा नाही. इथे सावलीच सावली, आणि मला ती आवडली नाही. कोणीतरी मागून येते आहे असे सारखे वाटत होते. पाहिले तर ठमीच्या टोपलीतल्या कोंबड्या.

रात्री ठमीच्या कुडाच्या खोपटात राहिले. त्यांच्याकडे बाईमाणूस पुरुषांच्या पंगतीतच जेवते. ठमीचा सासरा माझ्यासमोर बसून नाचणीची भाकर खात होता आणि मला काय काय विचारत होता. मी डोक्यावरचा पदर सोडला नाही आणि मानेनेच हो-नाही केले. तो सुनेला म्हणाला, "मुकी हाय का?" ठमी म्हणाली, "पनवेलची हाय." सगळे हसले. मी चटणी पुढे केली तेव्हा म्हाताऱ्याने ती तीनदा घेतली आणि मग मला विचारायचे सोडले.

चढ

उजाडताच निघालो. आधी रान होते, करवंदीच्या जाळ्या, पायाखाली पाचोळा. मग झाडे विरळ झाली आणि कातळ लागला. एका ठिकाणी वाट म्हणजे खडकाला धरून पाऊलभर पट्टी होती. उजवीकडे खडक, डावीकडे काही नाही. खूप खाली झाडांची टोके दिसत होती, मेथीच्या जुडीसारखी. माझे पाय तिथेच राहिले. मी खाली बसले, दोन्ही हातांनी गवत धरले. गवत सुके, उपटून हातात आले.

"ठमे, मला खाली ने."

"खाली जायाला बी हीच वाट हाय."

मला रडू आले. वाटले, मी इथून पडले तर यांना कळणारही नाही, आणि हे बाटले असतील तर रडतील तरी कोणत्या देवापुढे.

ठमी टोपलीसकट वळली. त्या जागेवर मला नुसते वळणेही जमले नसते. म्हणाली, "खाली नको बगू. वर बी नको. माज्या टाचंकडं बग. टाच उचलली की तू पाय टाक."

सुमन, तू विचारतेस काय पाहिले. मी ठमीच्या टाचा पाहिल्या. भेगा पडलेल्या, लाल मातीने भरलेल्या, एक वर आणि एक खाली. तो सगळा डोंगर मी त्या टाचांवरून चढले. मध्येच लक्षात आले की तिची टाच उचलताना माझा श्वास सुटतो, उखळावर सुटतो तसा, आवाज करून. तोंड दाबले तर पाय चुकत होता. मग दाबले नाही.

वर सूर्यास्त बघायची जागा आहे तिथे वाट निघते. ठमी म्हणाली, आता बग. प्रबळगडाच्या बाजूने आमची खाडी चकाकत होती, आणि तिच्या कडेला पाटीवर आखल्यासारखे लहान लहान पांढरे चौकोन. ती आमची मिठागरे. आमचे घर कुठे ते काही कळले नाही. आजवर मी तिथून इकडे पाहत होते. आता इकडून पाहताना आपण घरी नाही एवढेच वाटले.

भाकरीचे फडके दगडावर ठेवले होते, ते माकडाने नेले. तेही अगदी सावकाश, आपलेच असल्यासारखे.

हॉटेल

माथेरानात मोटार नाही. घोडे आहेत, आणि माणसे ओढतात अशा रिक्षा. सगळी वाट लाल. पायांवर, लुगड्याच्या काठावर तो रंग चढतो आणि दोन धुण्यांत जात नाही. घोड्यावर बसलेल्या बायका मोठ्याने हसत होत्या, बरोबरीचे पुरुषही हसत होते, आणि कोणाला त्याचे काही नव्हते. मी रस्त्याच्या अगदी कडेने चालले.

हॉटेलच्या मागल्या दारी ठमी कोंबड्या मोजून द्यायला लागली. मी जांभळीच्या खोडाआड उभी राहिले. हे पायरीवर बसून डाव्या हाताने चमचे पुसत होते. गळ्यात पांढरे होते. बघवेना म्हणून मी आधी डोळे मिटले. उघडले तेव्हा दिसले, ती कापडाची झोळी होती. झोळीत उजवा हात, कोपरापर्यंत पांढऱ्या प्लास्टरात.

क्षणभर मला बरे वाटले. मग तो कोणता हात आहे हे ध्यानात आले आणि मी झाडाला धरले.

यांनी वर पाहिले. "तू? आईला काय झाले?"

"काही नाही. पत्र का नाही?"

"कशाने लिहू? दुसऱ्याकडून लिहवले असते तर अक्षर बघून तुम्ही घाबरला असता."

"न लिहिल्यामुळे घाबरलो नाही का?"

हे चमचा पुसत राहिले.

झाले ते असे. हॉलच्या पायऱ्या उतरताना लाल मुरमावरून पाय घसरला. मोठा ढोल हातात होता. ढोल वर धरला आणि मनगट खाली गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी प्लास्टर घातले आणि सांगितले, हाड जुळेल, पण पहिल्यासारखे फिरेल की नाही ते सांगता येत नाही. उचलीतले अर्धे पैसे वाजवून फिटले होते, पंच्याहत्तर अंगावर राहिले. मॅनेजरने ढोल मागच्या खोलीत ठेवून कुलूप लावले. पैसे द्या, ढोल न्या. यांना जा म्हणाला नाही आणि राहा म्हणूनही म्हणाला नाही. हे आपणच चमचे पुसायला बसले.

"ढोल सोडून कसा येऊ?" हे म्हणाले. "पाऊस लागला की कातडे सैल पडेल. बुरशी येईल. आणि हात नाही जुळला तर..." पुढचे मलाही विचारवेना. गोदीत हमालीला हात लागतो, मिठागरातही लागतो. हात नसला तर आम्ही काय खाणार, ही गोष्ट त्या वेळेपासून माझ्या पोटात बसली ती बरेच दिवस उठली नाही.

तेवढ्यात मॅनेजर तिथूनच गेला. मी कमरेच्या फडक्याला हात लावला. बारा रुपये पुढे करावे, बाकीचे देऊ म्हणावे, सगळे मनात जुळवले. तो माझ्याकडे बघून थांबलाही. माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. तो गेला.

संध्याकाळी फ्रान्सिस मास्तरांनी मला मुदपाकखान्याच्या दारात स्टूल दिले. "बाय, भिऊं नाका, इथून कोणी बघत नाय," म्हणाले. त्यांनी पावाबरोबर रस्सा आणून दिला. त्यात काय असेल या भीतीने मी नुसता पाव खाल्ला. दाराच्या फटीतून हॉल दिसत होता. बाईच्या कमरेला हात घालून पुरुष फिरत होते. एकीचा नवरा कोपऱ्यात बसून सिगारेट ओढत होता आणि तिला दुसऱ्याबरोबर फिरताना बघून टाळ्या वाजवत होता. मला त्यांचीच भीती वाटली, आता कोणीतरी कोणाला मारेल. कोणी मारले नाही. गाणे संपल्यावर सगळे आपापल्या जागी गेले.

मास्तर वाजवत होते, पियानो होता, पण यांची जागा रिकामी. हे माझ्या मागे उभे होते. पायाने जमिनीवर ठोका देत होते आणि त्यांना ते ठाऊक नव्हते.

उखळ

दुसऱ्या दिवशी जे झाले त्यासाठी एवढे लिहिले.

हॉटेलात खोरशेदबाई म्हणून एक म्हाताऱ्या पारशी बाई उतरल्या होत्या. मुंबईत त्यांची शाळा आहे. दुपारी मोठी माणसे झोपली की हॉटेलातली मुले मागल्या अंगणात यायची आणि हे त्यांना डब्यांवर ताल शिकवायचे, नुसता वेळ जावा म्हणून. खोरशेदबाई दोन दिवस खुर्ची टाकून ते बघत होत्या. त्या दिवशी म्हणाल्या, "मॅनी, माझ्या शाळेत संगीताचा मास्तर पाहिजे. तू शिकवतो चांगला. पण एक हाताचा मास्तर, आणि माझी पोरं दोन-दोन हातांची. त्यांना काय दाखवशील?"

यांचे नाव मनोहर. लिहायला हरकत नाही, उच्चारत नाही. तिथे सगळे मॅनी म्हणतात.

यांनी हातातला डबा खाली ठेवला. मी पाण्याच्या पिंपाआड होते. यांच्या तोंडावरून मला कळले की नोकरी समोर आहे आणि निसटते आहे. मग यांची नजर अंगणातल्या उखळाकडे गेली. मसाला कुटायचे दगडी उखळ जमिनीत पुरलेले, दोन मुसळे भिंतीला टेकलेली. आणि तिथून नजर माझ्याकडे आली.

मी मान हलवली. नाही म्हणून.

"एक हात माझा," हे त्यांना म्हणाले, "दुसरा हिचा."

सुमन, कातळावर मी घाबरले नव्हते एवढी तिथे घाबरले. दहा-बारा मुले, ती बाई, दारात आचारी, आणि माझ्यासाठी थांबलेली ठमी दात काढून उभी. हे जवळ येऊन हळू बोलले, "पदर नीट खोच. परसात आहोत असे समज."

"तुमच्या हातावर बसले तर?"

"नाही बसणार."

"बसले तर दोन्ही गेले."

"म्हणून तर दुसऱ्या कोणाला सांगत नाही."

यांनी डाव्या हाताने मुसळ उचलले, मी दोन्ही हातांनी दुसरे. उखळ रिकामे होते, फक्त तळाला थोडे धणे. यांचे खाली, माझे वर. माझे खाली, यांचे वर. मी फक्त यांची बोटे बघत होते. एवढी पाच बोटेच आता आमच्या घरात शाबूत आहेत आणि माझे मुसळ त्यांच्या वीतभर अंतरावरून खाली जाते आहे. हाताला घाम आला, लाकूड सरकायला लागले. घट्ट धरण्यासाठी जोर लावला आणि श्वास सुटला. हुं. पुन्हा हुं. आपल्याकडे कांडताना कोणी तोंड मिटून ठेवत नाही, त्यामुळे माझ्या ध्यानातही आले नाही.

मुले खदखदून हसली.

माझे मुसळ वरच थांबले. कांडताना असे थांबायचे नसते, लहान मुलीलाही ठाऊक असते. समोरच्याचे मुसळ आपल्या भरवशावर येत असते. यांचे मुसळ खाली गेले, उखळाच्या काठावर आदळले, हात झटका बसून सुटला. मी ओरडलेसुद्धा नाही.

हे वाकून मुसळ उचलत म्हणाले, "थांबू नकोस. आवाजही थांबवू नकोस." मग मुलांकडे वळून म्हणाले, "हसता काय? म्हणा तिच्याबरोबर. ती जिथे हुं म्हणते तिथे तुम्ही."

पुन्हा सुरू केले. यांचा ठोका, मग माझा, आणि माझ्यावर सगळ्या मुलांचे हुं. आधी वेडेवाकडे, चार इकडे चार तिकडे. मग एकदम सगळी एका जागी आली. हे मध्येच एक ठोका गाळायचे, मुले फसायची, हसायची, पुन्हा यायची. मी गाळला नाही. मला गाळता येत नाही, भीतीने मी सरळच कांडत होते. खोरशेदबाईंची काठी फरशीवर पडत होती, तीसुद्धा माझ्याच जागेवर.

धण्यांचे पीठ झाल्यावर हे थांबले. मी तिथेच खाली बसले.

"जूनमध्ये शाळा उघडते," खोरशेदबाई म्हणाल्या. "प्लास्टर निघाले की ये. पगार थोडा आहे, पहिल्यापासून सांगते. आणि मॅनी, ही बाई रोज येणार नाही ना? पोरं तिचंच ऐकतील."

फ्रान्सिस मास्तर दारातून म्हणाले, "बघ, माझ्या बँडला पण हिलाच न्यायला पायजे होती."

मी पदर तोंडावर घेतला. हसत होते की रडत होते ते मलाही सांगता येणार नाही. यांच्या डाव्या हाताचे अंगठ्याजवळचे कातडे सोलले होते. तेवढेच. मी ते पुन्हा पुन्हा बघत होते.

परत

ढोल वरच राहिले. मॅनेजर म्हणाला, नोकरी लागली ते चांगले झाले, पण कुलूप पैशांनी उघडते. आम्ही दोघे ठमीबरोबर उतरलो. उतरताना यांना एका हाताने कातळ धरायचा होता, म्हणून पुढे मी होते आणि हे माझ्या टाचांकडे बघत होते.

हाड जुळले, पण मनगट वाकडे राहिले. आता भरभर वाजवता येत नाही. मास्तर कधी संथ गाण्याला बोलावतात, तेव्हा हे तारांच्या कुंचल्यांनी वाजवतात, ढोलावर सुपाने पाखडल्यासारखा आवाज येतो. बाकी शाळा. मुलांना अजून आधी हुं म्हणायला शिकवतात, मग काठ्या हातात देतात. शनिवारी घरी आले की सांगतात आणि मी विषय बदलते.

पगारातून थोडे थोडे पैसे ठमीच्या हाती वर जात होते. पावसाळाभर मी आढ्याकडे बघून एकच विचार करायचे, इथे नव्या कौलांखाली आपण कोरडे आहोत आणि त्या खोलीत यांच्या ढोलाचे कातडे कुजते आहे.

पुढच्या वैशाखात शेवटचे वीस राहिले. शाळेत मुलांचा कार्यक्रम होता, यांना येता येईना. ठमीला ताप होता. मी तिच्या नणंदेबरोबर गेले. तो कातळ तसाच होता आणि मीही तशीच. पुन्हा बसले, पुन्हा उठले.

मॅनेजर ओसरीवर होता. वाटेत मी सगळी भीती जुळवून ठेवली होती, की तो खोलीचे भाडे मागेल, आणखी काही काढेल, ओळखच देणार नाही. तो म्हणाला, "एकटीच?"

मी फडके सोडले आणि नोटा त्याच्यापुढे ठेवल्या. "मोजून घ्या," मी म्हणाले. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला.

त्याने मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. "बरोबर आहेत. फिटले सगळे," तो म्हणाला आणि खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.